फुटलं, पण सुटलं नाही

भावजी,

आज बाजारचा दिवस होता आणि माझ्या ओट्यावर कुणी आलं नाही.

आठ वर्षं दर आठवड्याला तुम्ही येत होता. उंबरा एकदाही ओलांडला नाही. मी आत चुलीपाशी, तुम्ही बाहेर भिंतीला पाठ लावून, मधलं दार सताड उघडं. तरी चाळीतल्या बायांनी त्या उघड्या दाराचीही चर्चा केली. ती तुमच्या कानावर गेली तेव्हा तुम्ही विचारलंत, "वैनी, मी येनं बंद करू का?" मी म्हणाले, "नका करू." एवढंच बोलणं झालं. पुन्हा तो विषय आपल्यात निघाला नाही.

तुमचं तेरावं होऊन पाच दिवस झाले. सेलूत लोक तुमच्याबद्दल चांगलं बोलतात. कापसाच्या जिनिंगमधला हुशार मिस्त्री, हातात कसब, तोंडातून शब्द महाग. ते सगळं खरं आहे, पण ते सांगायला मी बसलेले नाही. माझं तुमच्याशी एक बोलणं राहिलं आहे. तोंडानं जमलं नाही म्हणून लिहिते. लिहायला मला वडलांनी शिकवलं. चारठाण्याच्या देवळाच्या ओवरीत ते पोरांकडून मराठी अक्षरं घोटून घ्यायचे आणि मी खांबाआड बसून गिरवायची. त्यांना वाटलं असेल, लेक पुढं पोथी वाचेल.

माझा नवरा किसन गेला तो दिवस तुम्ही मला किती वेळा सांगितलात त्याला गणती नाही. हंगाम भरात होता. कापसाच्या गाड्या फाटकाबाहेर रांगेनं उभ्या होत्या. सरकी काढणाऱ्या यंत्रांच्या सुऱ्या बोथट झालेल्या, आणि त्यांना धार लावायचं चाक झिजून गेलेलं. म्हणून तुम्ही गुदामातलं नवं विलायती चाक चढवलंत. चांगलं परातीएवढं. दोन्ही बाजूंनी डोळ्यांखालून घातलंत आणि पट्टा चालू केलात. किसननं सुरी टेकवली, चार वेळा घासली असेल नसेल, चाक फुटलं. एक तुकडा भिंतीत घुसला आणि एक माझ्या नवऱ्याच्या छातीत. तुम्ही दोन हातांच्या अंतरावर उभे होता. तुम्हाला ओरखडाही आला नाही, आणि तेच तुम्हाला शेवटपर्यंत खुपलं.

पोलिसांचे अमीन आले, पंचनामा झाला. तो उर्दूत होता. कचेरीतल्या मुन्शींनी मला त्याचा मतलब सांगितला: चाक नीट न तपासता चढवलं, कसूर मिस्त्रीचा. जिनिंगचे मनीजर तुम्हाला म्हणाले, "माणिकराव, सही करायच्या आधी विचार करा. हे कायमचं नावावर राहील."

"चाक मीच चढवलं साहेब," तुम्ही म्हणालात. "दुसऱ्या कुनाचं नाव लिवणार?"

आता ऐका. त्याच्या आदल्या दिवशी, दिवे लागायच्या वेळेला, किसन घरी आला. हातपाय धुऊन जेवायला बसला आणि भाकरी मोडता मोडता म्हणाला, "गुदामातून चाक आणायलतो तर हातातून निसटलं. दाराच्या दगडावर आपटलं."

मी विचारलं, "फुटलं का?"

"न्हाई. पुसून बघितलं. चीर-बीर काई न्हाई. मिस्त्रीला सांगावं तर तो ते चढवायचा न्हाई, आन मनीजर समद्यांसमोर माझी अब्रू काढंल. तू बी कुठं बोलू नको."

मी बोलले नाही. आधी त्यानं सांगितलं म्हणून, आणि नंतर माझ्या भीतीपायी. पंचनाम्याच्या वेळी मनीजरनं मला विचारलं होतं, "घरी काही बोलला होता का किसन?" मी नाही म्हणून मान हलवली. दोष किसनचा ठरला असता तर चाळीतली खोली गेली असती. कापूस निवडायच्या शेडमध्ये मला काम मिळालं नसतं. माहेरी वडील थकलेले, सासरी कुणी उरलेलं नाही, पदरात लेकरू नाही. त्या दिवशी मला एवढंच दिसलं. तुमचं नाव तिथं लिहिलं जातंय हे दिसलं नाही, असं मात्र मी म्हणणार नाही. दिसलं होतं.

महिनाभरानं तुम्ही पहिल्यांदा ओट्यावर आलात. मी चहा पुढं ठेवला तर म्हणालात, "वैनी, तुमी मला शिव्या द्या. कुनीच देईना झालंय." मी म्हणाले, "चूक तुमची नव्हती." तुम्ही चहा न पिता उठून गेलात.

पुढं किती वेळा मी तेच म्हणाले. चूक तुमची नव्हती. आणि दर वेळी तुम्ही मान खाली घातलीत. कारण न सांगता म्हटलं की ती नुसती दया होते, हे मला कळत होतं. तुम्हाला दया नको होती.

त्या उन्हाळ्यात कुंभाराच्या पालापाशी आपली गाठ पडली ते आठवतं का? मी मडकी उचलून एकेकाला टिचकी मारत होते. तुम्ही मागं उभे राहून बघत होता.

"हे कशाला करायलाव?" तुम्ही विचारलंत.

"चीर गेलेलं मडकं दिसायला चांगलंच असतं भावजी. टिचकी मारली की बद्द वाजतं."

तुम्ही माझ्या हातातलं मडकं घेतलंत, वाजवलंत, खाली ठेवलंत, दुसरं घेतलंत. कुंभार वैतागला. दुसऱ्या दिवशी तुम्ही गुदामातली सगळी चाकं एकेक करून दोरीला टांगली आणि लाकडी ठोकळ्यानं वाजवली. दोन बद्द वाजली. डोळ्यांना त्यांच्यात काही दिसत नव्हतं. मनीजर नको नको म्हणत असताना तुम्ही ती घणानं फोडलीत, आणि आतून जुन्या चिरा निघाल्या. तेव्हापासून वाजवल्याशिवाय एकही चाक चढलं नाही. स्टेशनात गाडी उभी राहिली की डब्यांची चाकं हातोडीनं वाजवत जाणारा माणूस असतो, त्याच्याशीही तुमची दोस्ती झाली. तो रेल्वेचा माणूस तुम्हाला म्हणायचा, "मिस्त्री, लोहा झूट नहीं बोलता." हे मला सांगताना तुम्ही हसलात. किसन गेल्यानंतर मी तुम्हाला पहिल्यांदा हसताना पाहिलं. मी मात्र आत येऊन उगीच चूल सारखी करत बसले. लोखंडही खोटं बोलत नाही म्हणे.

मग तुमचा ध्यासच सुरू झाला. जुन्या बॉयलरचा पत्रा वाकवून चाकावर टोपण बसवलंत. चाक सावकाश फिरावं म्हणून पट्ट्याची कप्पी बदललीत. कामगार कुरकुरले, "मिस्त्री, अशानं दिवसाची कामं दोन दिवसावर जायलीत." तुम्ही म्हणालात, "जाऊ दे. दोन दिवसांनी घरी तर जाताल."

तिकडं विलायतेत लढाई सुरू झाली आणि तिथली चाकं यायची बंद झाली. मनीजर म्हणाले, आहेत तीच तासून वापरा. तुम्ही नाही म्हणालात. तलवारी-कात्र्यांना धार लावत गावोगाव फिरणारे सिकलगार असतात, त्यांच्या पालावर चार दिवस जाऊन बसलात. कुरुंदाचा दगड कुटून चाळायचा, वितळलेल्या लाखेत कालवायचा, लोखंडी कड्यात दाबून चाक पाडायचं, हे सगळं त्यांच्याकडून शिकलात. तुमचं पहिलं चाक चाललं, धारही आली. पण तुम्हाला समाधान नव्हतं. ओट्यावर बसून म्हणालात, "वाजवून चढवलं तरी काय वैनी? चालता चालता चीर गेली तर? आपन तवा तिथं वाजवायला असतो का?"

त्याचं उत्तर तुम्हाला पेडगावात सापडलं. गोदाताईंच्या, तुमच्या बहिणीच्या घरी ज्वारीची कणगी होती. शेणमातीचा लेप सगळा तडकलेला, पण पडला नव्हता, कारण आतून कामट्यांचं विणकाम होतं. तुम्ही तिथून तडक माझ्याकडं आलात. धोतराला धूळ, पाणीसुद्धा मागितलं नाही.

"वैनी, लाखंच्या पोटात कापड घालायचं. चाक तडकलं तरी कापड धरून ठेवील. गोल गोल कापून द्याल का?"

मी मांजरपाटाचे गोल कापले, काठ शिवले. तुम्ही ते थराथरानं घालून चाक पाडलंत. फिरवलंत तर त्याचे पापुद्रे सुटले, शिळ्या पोळीसारखे. दुसऱ्याचं तेच, तिसऱ्याचं तेच. तुम्ही चिडून म्हणालात, "लाख कापडातून पारच जाईना." मी मडक्यावरचं तूप गाळायचं विरविरीत फडकं काढून तुमच्या पुढ्यात टाकलं. "ह्याच्यातून जाईल." तुम्ही ते उजेडाकडं धरून बघितलंत आणि म्हणालात, "इतके दिवस हे कुठं ठेवलं होतं?" तुम्ही थट्टेनं बोललात. मी कात्री शोधायच्या निमित्तानं तोंड फिरवलं.

त्या वर्षात मी किती जाळीचे गोल कापले! शेडमधून आले की दिवस मावळेपर्यंत तेच. भावजी, खरं सांगते, किसन गेल्यावर मला दिवस सरत नव्हता, तो त्या कापडांमुळं सरायला लागला. तुम्ही वर्कशॉपमागं खड्डा खणून त्यात चाक फिरवायची सोय केलीत, पट्टा भिंतीच्या भोकातून घेतलात. चाकाला मुद्दाम छिन्नीनं चीर पाडायची, लहान कप्पी लावून नेहमीपेक्षा जोरात फिरवायचं आणि आपण भिंतीआड थांबायचं. फुटलेलं प्रत्येक चाक तुम्ही मला आणून दाखवायचात. कुठून तुटलं, कापड कुठं फाटलं. मग मी एका थराचं विणकाम उभं घातलं तर दुसऱ्याचं तिरपं घालायला सांगितलं, आणि ते टिकलं.

आपलं भांडण एकाच गोष्टीवरून होतं. कुरुंद कुटताना तुम्ही तोंडाला काही बांधत नव्हता. भुकटी तुमच्या मिशांवर, पापण्यांवर बसलेली असायची. मी म्हणायची, "फडकं बांधा." तुम्ही म्हणायचात, "श्वास कोंडतो." मी एकदा शिवून दिलं तर तेही तुम्ही चाकात घातलंत. विचारलं तर म्हणालात, "कापड चाकाला पायजे, मला काय करायचंय?" मी चिडले, दोन आठवडे तुमच्याशी धड बोलले नाही. तुमचा खोकला तेव्हाच सुरू झाला होता. मी आणखी भांडायला हवं होतं. पण ज्या माणसाला मी असल्या ओझ्याखाली ठेवलं त्याच्यावर हक्कानं ओरडायचं कोणत्या तोंडानं?

मागच्या हिवाळ्यातली गोष्ट. वर्कशॉपमधला उस्मान सुरीला धार लावत होता. मला शेडमध्ये काही ऐकू आलं नाही, यंत्रांचा आवाज होता. एकाएकी बाया उठून उभ्या राहिल्या म्हणून मी मागं वळले, तर तुम्ही दारात. कापसाच्या ढिगातून वाट काढत आलात आणि हातातलं चाक माझ्यासमोर धरलंत. आडव्या फुटलेल्या तीन फाका, पण एकमेकांना लोंबत, मधल्या कापडाला धरून.

"वैनी, फुटलं," तुम्ही म्हणालात. "पन सुटलं न्हाई."

"उस्मान?"

"बिडी वढायला बसलाय. वरखडा बी न्हाई त्याला."

मग तुम्ही त्या बायांच्या देखत रडलात. म्हणालात, "आठ वर्सं उशीर झाला. किसनला हे द्यायला पायजे होतं."

शब्द माझ्या ओठांवर होते. चाक किसनच्या हातून पडलं होतं, एवढंच म्हणायचं होतं. मी म्हणाले, "तुम्ही बसा, मी पाणी आणते." पाणी घेऊन येईस्तोवर माझा धीर गेला होता. मला वाटलं, आता सांगितलं तर हा माणूस विचारेल, मग आठ वर्षं तू मला बघत काय बसलीस? आणि बाजारच्या दिवशी माझ्या ओट्यावर पुन्हा येणार नाही. भावजी, सुरुवातीला मी खोलीपायी गप्प होते, कामापायी गप्प होते. पुढं मी तुमच्यापायी गप्प राहिले. तुम्ही येत होता ते त्या ओझ्यामुळं, असं मला वाटायचं. ओझं उतरलं तर तुम्ही कशाला याल? ओझं नसतानाही आला असतात का, हे मी कधी विचारू शकले नाही.

लढाई संपली. विलायती चाकं पुन्हा खोक्यांतून यायला लागली. मनीजर म्हणाले, आता तुमची खटपट पुरे. तुम्ही त्या चाकांनाही टांगून वाजवलंत, त्यांच्यावरही टोपण बसवलंत, आणि मग अंथरूण धरलंत.

गोदाताई पेडगावहून तुमच्या उशाशी येऊन राहिल्या. मी सकाळी शेडमध्ये जायच्या आधी पेज घेऊन येत होते. शेवटच्या भेटीत तुम्हाला दोन शब्दांमधेही थांबावं लागत होतं. गोदाताई पाणी आणायला बाहेर गेल्या. तुम्ही म्हणालात, "वैनी, वर किसन भेटला तर त्याला काय तोंड दाखवू?"

मी म्हणाले, "भेटला तर तोच तुमच्या पाया पडंल. तोच माफी मागंल."

तुम्ही हसलात. बाई समजूत घालतेय असं तुम्हाला वाटलं. मी तुमच्या डोळ्यांत बघत राहिले, की विचारा, का म्हणून विचारा. तुम्ही डोळे मिटून घेतलेत. तेवढ्यात गोदाताई आत आल्या. दुसऱ्या दिवशी मी पेज घेऊन आले तर दारात चपला काढून लोक उभे होते.

तेराव्याला मी पेडगावला गेले. पंगत उठल्यावर गोदाताईंना गोठ्यामागं नेलं आणि सगळं सांगितलं. त्या खरकट्या हातानं तशाच उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "दादानं लगीन केलं न्हाई. दुसऱ्याचा संसार मोडला, आता आपला कशाला मांडायचा, म्हनायचा. ठाऊक होतं का तुमाला?"

मला ठाऊक नव्हतं. तुम्ही तसलं काही बोलला नव्हता.

"हे त्याला सांगायचं होतं बाई," त्या म्हणाल्या. "मला सांगून मी काय करू?" आणि त्या आत निघून गेल्या. मी वाट बघितली. मग एकटीच स्टेशनकडं चालत निघाले.

काल मी मनीजरच्या कचेरीत गेले. म्हणाले, जुना पंचनामा आहे, त्याला माझा जबाब जोडा. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "गिरिजाबाई, आता ह्याचा काय उपयोग? मिस्त्री गेले. उगीच किसनचं नाव खराब होईल. तुमचंही."

"लिहून घ्या," मी म्हणाले.

मुन्शींनी लिहिलं. मला उर्दू येत नाही म्हणून मी त्यांना वाचून दाखवायला सांगितलं. त्यांनी वाचलं. शेवटी होतं, मिस्त्री बेकसूर. मी म्हणाले, "पुन्हा वाचा." त्यांनी पुन्हा वाचलं आणि अंगठ्यासाठी शाई पुढं केली. मी त्यांच्या हातातून टाक घेतला आणि मराठीत माझं नाव लिहिलं.

बाहेर उस्मान उभा होता. दाराआडून त्यानं सगळं ऐकलं होतं. तुमचं चाक नसतं तर तो आज नसता, हे त्याच्याइतकं कुणाला माहीत? त्यानं विचारलं, "भाभी, मिस्त्रीला मालूम होतं का?"

"न्हाई," मी म्हणाले.

तो वळून वर्कशॉपमध्ये गेला.

चाळीत ही गोष्ट माझ्याआधी पोचली. आज सकाळी मी आडावर गेले तेव्हा बाया बोलत होत्या, त्या गप्प झाल्या. भांडल्या नाहीत, टोचून बोलल्या नाहीत. बाजूला सरकून मला पुढं होऊ दिलं. आठ वर्षं, पाणी भरून झालं की कुणी ना कुणी किसनच्या बाईला घागर उचलून द्यायचं. मी भरलेली घागर काठावर ठेवून थोडी थांबले. कुणी जवळ आलं नाही. मग मी खाली वाकले, तिच्या गळ्याला दोन्ही हात घातले, कमरेवर घेतली आणि घरी आले.